‘शिगेला’ पोहोचते ती शीग कुठली?

प्रश्न असा: ‘उत्कंठा शिगेला पोहोचली’ यातली शीग म्हणजे शिखरच का? आणि लिहायचं कसं, शीगेला की शिगेला?

शिखर नव्हे. शीग ही धान्याच्या मापाची. पायली किंवा शेर काठापर्यंत भरल्यावरही वरून धान्य ओतत राहिलं की काठाच्या वर त्याचा निमुळता ढीग चढतो, त्या ढिगाला शीग म्हणतात. ढीग चढता चढता एक वेळ अशी येते की वर टाकलेला दाणा टिकत नाही, घरंगळून खाली येतो. माप शिगेला पोहोचलं ते तेव्हा. म्हणजे या वाक्प्रचारात नुसती उंची नाही, ‘आता आणखी मावत नाही’ हेही आहे. म्हणून उत्सुकता, संताप, वाद, ताण अशा साठत जाणाऱ्या गोष्टी शिगेला पोहोचलेल्या शोभतात. ‘तिची कारकीर्द शिगेला पोहोचली’ हे मात्र कानाला खटकतं. तिथे कळस किंवा शिखरच हवं.

लेखनाचं उत्तर सोपं आहे. मूळ शब्द शीग, पहिलं अक्षर दीर्घ. प्रत्यय लागला की ऱ्हस्व: वीट–विटेला, भीक–भिकेला, तसं शीग–शिगेला. ‘शीगेला’ चूक.

आता हे चित्र डोळ्यांपुढून का गेलं? कारण धान्य मापणं गेलं आणि तोलणं आलं. जुनं कोष्टक असं: २ निळवी म्हणजे १ कोळवं, २ कोळवी म्हणजे १ चिपटं, २ चिपटी म्हणजे १ मापटं, २ मापटी म्हणजे १ शेर, २ शेर म्हणजे १ अधोली, २ अधोल्या म्हणजे १ पायली, १६ पायल्यांचा मण आणि २० मणांची खंडी. ही सगळी मापं आकारमानाची. तोलायचा शेर वेगळा, तो ८० तोळ्यांचा, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅमचा. जुन्या वहीतला ‘शेर’ वाचताना पहिली चूक इथेच होते: मापी शेराला थेट ९३३ ग्रॅम धरतात. मापी शेरभर लाह्या आणि मापी शेरभर ज्वारी यांचं वजन एक कसं असेल? ‘पैशाला पासरी’मधली पासरी मात्र तोलाची, पाच शेरांची, तिचा पसरण्याशी काही संबंध नाही.

शीग धरायची की हात फिरवून माप सपाट करायचं, हे आधी ठरवावं लागे, कारण फरक किरकोळ नसतो. वाळलेलं धान्य ओतलं की ढीग साधारण २५ ते ३० अंशांच्या उतारावर थांबतो. समजा माप १६ सेंमी व्यासाचं आणि तेवढ्याच उंचीचं आहे. त्यात काठापर्यंत सुमारे ३.२ लिटर मावतं आणि वर ४ सेंमीची शीग चढते, म्हणजे जवळपास २७० मिली जास्त, आठ टक्के. तेवढंच धान्य मावणारं, पण २२ सेंमी तोंडाचं बसकं माप घ्या. शीग साडेपाच सेंमी चढते आणि जादा धान्य भरतं ७०० मिली, म्हणजे २२ टक्के! काठापर्यंत दोन्ही मापं खरीच. देताना सपाट आणि परत घेताना शिगेनं मोजलं, की व्याजाचा आकडा वहीत लिहायलाही नको. त्यात माप भरताना ठोकलं, हलवलं की दाणे दबून बसतात आणि आणखी मूठभर मावतं.

द्रवाला शीग नाही. त्यामुळे हंडा काठोकाठ भरतो, तुडुंब भरतो. शिगोशीग भरते ती पायली. ‘तलाव शिगोशीग भरला’ असं लिहिणाऱ्यानं माप भरताना पाहिलेलं नसतं, एवढंच. ‘झुकतं माप’ ही आणखी एक गंमत. पायली कशी झुकेल? झुकतं ते तराजूचं पारडं. तिथे ‘माप’ शब्द तोलासाठी आला आहे.

१९५६च्या कायद्यानं किलोग्रॅम आला, १९५८पासून तो टप्प्याटप्प्यानं बाजारात उतरला. काट्यावर शीग उरत नाही, राहतो तो आकडा. पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायची रीतही मापांबरोबरच मागे पडली. लग्नघरी मात्र उंबरठ्यावर तांदळानं भरलेलं माप अजून ठेवतात, पण अनेक ठिकाणी ते लहानसं शोभेचं असतं किंवा त्या जागी कलश असतो. आणि बाजार समितीतला मापाडी अजून मापाडीच आहे, फक्त उभा असतो तो वजनकाट्यापाशी.