नोकरी, घर सगळं असूनही आत रिकामं वाटतं. ख्रिस्ती लोक म्हणतात तसं देवाशी नातं जोडून कायमचं समाधान मिळतं का?

हो मिळतं, पण रोज त्याच्याशी मोकळेपणी बोलत राहावं लागतं. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात ४ थ्या अध्यायात भर दुपारी विहिरीवर आलेली शोमरोनी (शोमरोन भागातली) बाई आहे, पाच नवरे झालेली, येशू तिला सांगतो की हे पाणी प्यायलीस तर परत तहान लागेल, मी देतो ते आत झऱ्यासारखं वाहत राहील, आणि ती घागर तिथेच टाकून गावात जाते, ती घागर मला फार बोलते. आपले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक पण रेल्वेत मिळालेला नवा करार (बायबलचा दुसरा भाग) वाचताना येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात असेच अडकले, १८९५ ला बाप्तिस्मा घेतला. फक्त दुःख, टेन्शन जात नाही हं. आहे त्यात समाधानी राहायला शिकलोय असं येशूचा प्रेषित पौल याने कैदेतून लिहिलंय, आणि 'शिकलोय' म्हणतो तो, म्हणजे वेळ लागतो.