सलोखा छापण्याआधी

चि. भाऊ,
अनेक आशीर्वाद.

रावेरहून पाठवलेली तुझी बातमी वाचली. बांधाच्या वादातले दोन भाऊ तहसीलमध्ये समोरासमोर बसले आणि तू मथळा दिलास, 'भावाभावांत सलोखा'. मजकुरात मात्र कोणी काय सोडलं, कोणी काय कबूल केलं, याचा पत्ताच नाही. उपसंपादकाने तो शब्द उडवला म्हणून चिडलायस. मीही उडवला असता.

जिवलग मित्राबद्दल 'आमच्यात सलोखा आहे' असं कोणी म्हणतं का? ऐकणाऱ्याला वाटेल, कालपर्यंत वाजलं होतं. पेशवाईतल्या कागदांत 'सलूख' भेटतो, तोही तहाच्या अर्थाने. हितसंबंध घासतात आणि तरी माणसं भांडत नाहीत, तिथला हा शब्द. घरोबा म्हणजे दोन घरांचं जाणं-येणं. स्नेह मनातला. 'सख्य' तर आपण बहुधा नसतानाच आठवतो, नाहीतर विळ्या-भोपळ्याचं.

केळीच्या पट्ट्यात सलोखा बघायचा तर सामाईक विहिरीवर जा. सातबाऱ्यावर दोघांची नावं. भर मे महिन्यात रात्रीची लाइट आली की पाण्याची पाळी कोणाची, घड कापल्यावर गाडी कोणाच्या शेतातून निघते, हे विचार. पाळी ठरल्याप्रमाणे सुटते, बांधालगत गाडीपुरती वाट मोकळी ठेवलेली असते, एवढं डोळ्यांनी दिसलं की खुशाल लिही. लोक स्वतः हा शब्द काढणार नाहीत. 'त्यांचं आन् आमचं बरं हाये' म्हणतील. तेच अवतरणात दे.

सरकारनेही हा शब्द उचललाय. जानेवारी २०२३ मध्ये सलोखा योजना आली. एकाची शेतजमीन दुसऱ्याच्या ताब्यात, दुसऱ्याची पहिल्याच्या, असं किमान १२ वर्षं चालत आलं असेल तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क नाममात्र १००० रुपये ठेवलं. पण दोघांची संमती नसेल तर गाडं हलत नाही. त्या भावांचं प्रकरण यात बसतं का, हे तलाठ्याला विचारलं असतंस तर खरी बातमी हाती लागली असती.

'जातीय सलोखा' फार जपून वापर. सणाआधी शांतता समिती बसली की 'सलोख्याने सण साजरे करा' हे आवाहन ठरलेलंच. ती बैठकीची बातमी. मिरवणूक कुठून जाणार, वाजंत्री कुठे थांबणार, यावर काय ठरलं ते लिही, बाकी सोड.

आणि हो, 'सलोखा निर्माण झाला' नको. सलोखा होतो, राखला जातो, माणसं सलोख्याने राहतात. 'सलोखापूर्ण' तर कानाला खुपतं.

पुढची तारीख लागली की जाऊन बस. मजकूर आधी मला व्हॉट्सॲपवर टाक, सकाळी नऊच्या आत.

तुझा,
जळगावचा काका