बेळगावात पहिलं घर घेताना

टिळकवाडीत परवडत नाही म्हणून कंग्राळीकडं गुंठ्याचा प्लॉट बघतोयस म्हणालास. आधी थांब. बाँडवरचा, म्हणजे नोंदणी न करता नुसत्या स्टँप पेपरवर विकलेला प्लॉट कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नको. माझ्या मामांनी वीस वर्षांपूर्वी शंभराच्या स्टँपवर सही करून दोन गुंठे घेतले. घर उभं राहिलं, पण खाता, म्हणजे सरकारी दप्तरातली मालमत्तेची नोंद, आजतागायत त्यांच्या नावावर नाही. मुलाला त्यावर कर्ज द्यायला एकही बँक तयार नाही.

ई-खाता, म्हणजे खात्याचा ऑनलाइन उतारा, आणि तीस वर्षांची ईसी, म्हणजे जागेचे नोंदलेले व्यवहार आणि बोजे दाखवणारा दाखला, मागून घे. कागद सगळे कन्नडमधले, म्हणून आपल्या ओळखीच्या वकिलाकडून ओळ न् ओळ वाचून घे, विकणाऱ्याच्या माणसाकडून नको.

कर्जाचं सांगतो. 30 लाख, 20 वर्षं, साडेआठ टक्के धरले तर हप्ता सुमारे 26,035 रुपये. नऊ टक्क्यांनी तोच 26,992. महिन्याला साडेनऊशेच दिसतात, पण शेवटपर्यंत सव्वादोन लाखांच्या वर जातात. म्हणून चार बँका फिर. रेपोशी, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते त्या दराशी, जोडलेलं कर्ज घे आणि रेपोच्या वर बँक किती टक्के लावते ते लेखी विचार. बदलत्या दराचं कर्ज लवकर फेडलं तर दंड नसतो, तेव्हा बोनस आला की तो मुद्दल फेडायला भर.

स्टँप ड्युटी, नोंदणी फी बँक देत नाही. ती रक्कम आत्ताच बाजूला काढ. आजींचं सोनं त्यासाठी मोडायची वेळ आणू नकोस.