लेक दमते, सून आळशी?

(पत्राचा सारांश: "मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मेअखेर निवृत्त झाले. सून घरूनच परदेशी कंपनीचे काम करते आणि तिच्या मीटिंगा रात्री साडेबारापर्यंत चालतात. रात्रीची खरकटी भांडी सकाळी सिंकमध्ये तशीच दिसतात, झुरळे होतात, म्हणून मी तिला आळशी म्हणाले. त्यावर मुलगा म्हणाला, 'ताईच्या घरी असेच दिसले की तू दमते बिचारी म्हणतेस.' ते खरे आहे. डी.एड.ला मानसशास्त्र शिकूनही मी अशी का वागते? माझा स्वभावच खाष्ट आहे का?" – एक शिक्षिका, सातारा)

बाई,

वर्गाने आयुष्यभर ज्या नावाने आपल्याला हाक मारली, तेच मीही वापरते. मुलाने वर्मावर बोट ठेवले आणि आपण ते जसेच्या तसे लिहून पाठवलेत, हे सोपे नव्हते.

दुसऱ्याच्या वागण्याचे कारण त्याच्या स्वभावात शोधायचे आणि परिस्थितीकडे काणाडोळा करायचा, या खोडीला मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये 'मूलभूत गुणारोपण दोष' असे नाव दिले. त्याआधी, १९६७ मध्ये, एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना क्यूबाचा नेता फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूने आणि विरोधात लिहिलेले निबंध वाचायला दिले होते. लेखकाला बाजू नेमून दिलेली होती हे सांगूनही, कॅस्ट्रोची बाजू मांडणारा मनातूनही थोडाफार त्याच्याच बाजूचा असणार, असे वाचणाऱ्यांना वाटत राहिले. वादविवाद स्पर्धेसाठी मुलांना अनुकूल-प्रतिकूल बाजू वाटून देणाऱ्या बाईंना यातली गंमत लगेच कळेल.

पण एवढ्याने आपले कोडे सुटत नाही, कारण मग लेकही आळशी ठरायला हवी होती. समाजगटांमधील पूर्वग्रहांविषयी लिहिताना सामाजिक मानसशास्त्रज्ञ थॉमस पेटिग्रू यांनी १९७९ मध्ये म्हटले, की आपल्या गटातल्या माणसाची चूक आपण परिस्थितीच्या खात्यावर मांडतो आणि परक्या गटातल्याची स्वभावाच्या. समाजशास्त्र ज्यांना अंतर्गट आणि बहिर्गट म्हणते, त्यांची सीमारेषा आपल्या घरात सिंकपाशी आखली गेली आहे. (सुनेला लागावे म्हणून लेकीला बोलण्याची म्हण आपल्या भाषेत आहे, आपण निदान थेट बोललात.)

शिक्क्याचा धोका पुढे आहे. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये 'स्वतःला खरे ठरवणारे भाकीत' ही कल्पना मांडताना बँकेचा दाखला दिला होता: बँक बुडणार अशी आवई उठते, ठेवीदार पैसे काढायला धावतात आणि धडधाकट बँक त्या धावपळीनेच बुडते. कितीही केले तरी आळशीच म्हणवून घ्यायचे असेल, तर सून उद्या एक कपही विसळणार नाही आणि आपल्याला पुरावा मिळेल.

आता आपल्या खाष्टपणाविषयी. परिस्थिती सोडून स्वभावाला धरण्याचा तोच दोष आपण येथे स्वतःच्या बाबतीत करीत आहात. मेपर्यंत आपण सकाळी घाईघाईने शाळा गाठत होतात; भांडी तेव्हाही पडत असतील, फक्त त्यांच्याकडे पाहायला सवड नव्हती. आज सहा वाजता स्वयंपाकघरात पाऊल टाकणारे पहिले माणूस आपण आहात, हातात दिवसभराचा वेळ आहे आणि समोर खरकटे. चिडचिड होणारच, आणि झुरळे होतात ही आपली तक्रारही रास्त आहे. मात्र वरची एकही संज्ञा सुनेला ऐकवू नका. "आळशी म्हणाले ते चुकले" एवढे एक वाक्य तिला पुरेल.

शेवटी एक निरीक्षण. आपल्या चार पानी पत्रात चिरंजीव एकदाच येतात, तेही निवाडा द्यायला. त्या भांड्यांत त्यांचेही ताट असते. पुढच्या वेळी हा विषय तिघे बसलेले असताना काढावा, आणि "ती का घासत नाही" असे न विचारता "रात्री कोण घासणार" असे विचारावे.