बेन्नूवरून आणलेल्या दगडांना अशनी म्हणावं का?

एका वाचकाने विचारलं आहे : "नासाने बेन्नू लघुग्रहावरून जे खडे आणि धूळ आणली, तिला कुणी उल्का म्हणतं, कुणी अशनी. बरोबर काय?"

माझ्या मते दोन्ही नाही. सरळ 'लघुग्रहाचे नमुने' म्हणावं.

एकच दगड या सगळ्या नावांतून कसा जातो ते २००८ साली दिसलं. '२००८ टीसी३' हा साधारण ४ मीटरचा दगड ६ ऑक्टोबरला दुर्बिणीत सापडला, तेव्हा तो लघुग्रह होता. एका दिवसाच्या आत तो वातावरणात शिरून पेटला, ती उल्का. आणि सुदानच्या न्युबियन वाळवंटात त्याचे जे काळे तुकडे वेचले गेले, ते अशनी.

संस्कृतात अशनी म्हणजे वीज, इंद्राचं वज्र. जुन्या ग्रंथात 'अशनिपात' भेटला तर तिथे बहुधा वीजच पडलेली असते. परिभाषेत अर्थ बदलला, तरी पडणं शब्दात राहिलंच : आकाशातून आपोआप जमिनीवर आलेला दगड तो अशनी. बेन्नूचे कण असे पडलेले नाहीत. ऑसिरिस-रेक्स यानाने ते ऑक्टोबर २०२० मध्ये उचलले, आणि २४ सप्टेंबर २०२३ रोजी बंद कुपीतून युटाच्या वाळवंटात उतरवले. भरले १२१.६ ग्रॅम.

हा फरक मला फार मोलाचा वाटतो. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार या नमुन्यांत सजीव वापरतात त्या २० पैकी १४ अमिनो आम्लं आहेत, डीएनए-आरएनएचे पाचही नत्रयुक्त घटक आहेत, शिवाय खारं पाणी आटून मागे राहिलेले क्षार आहेत. त्यांतला ट्रोना आपल्या पापडखाराच्या कुळातला. असे क्षार आपल्या दमट हवेत टिकत नाहीत, त्यामुळे अशनीतून ते सहज नाहीसे होतात. अशनीत अमिनो आम्लं सापडली तरी ती इथल्या मातीतून शिरली की काय, ही शंका उरतेच. बेन्नूचे नमुने नायट्रोजनमध्ये जपून ठेवले आहेत. त्यांना अशनी म्हटलं तर या शोधाचं बळ ज्या गोष्टीत आहे तीच झाकली जाते.

याच ओघात 'उल्कापात'. लोणारचं विवर उल्कापाताने झालं, असं सर्रास छापून येतं. उल्का बहुतेक हवेतच जळून संपते. बेसाल्टमध्ये सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा पाडणाऱ्या घटनेला 'अशनी आघात' हेच नाव शोभतं. उल्कापात हा शब्द मुलांच्या धुमाकुळासाठी घरोघरी आहे, तिथे तो खुशाल राहू द्यावा.

'बेन्नूची माती' बोलण्यात चालेल. लेखात मात्र नमुनेच लिहावं, कारण त्यात बारीक धुळीबरोबर सेंटीमीटरभर मापाचे खडेही आहेत.