किल्ल्याचा फोटो ओपन लायसन्सखाली देताना

फोटो पाहिला तुझा, तिरप्या उन्हात तटाचा एकेक दगड उठून दिसतोय, मस्तच. विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाचे फोटो जिथे ठेवतात त्या मोफत संग्रहात, टाकू का विचारलंस, टाकच, पण आधी लायसन्सचं नीट समजून घे.

नॉन-कमर्शियल ठेवते म्हणालीस, म्हणजे आपल्या फोटोवर कुणी पैसे कमवायला नको. वाटतं तसं, पण कॉमन्सवर एनसी (नॉन-कमर्शियल) किंवा एनडी (फोटोत बदल करायला मनाई) अशी अट चालतच नाही, मग विकिपीडियाच्या लेखात तुझा फोटो जाणार कसा? सरळ सीसी बाय-एसए ४.० हे क्रिएटिव्ह कॉमन्सचं तयार लायसन्स घे. वापरणाऱ्याने तुझं नाव द्यायचं, लायसन्सची लिंक द्यायची, फोटोत काही बदल केला तर तसं सांगायचं आणि तो बदललेला फोटोही त्याच अटींवर पुढे द्यायचा. उद्या कुणी कॅलेंडरवर छापून विकला तरी अटी पाळल्या असतील तर तुला अडवता येणार नाही, आणि एकदा दिलेलं हे लायसन्स परत घेता येत नाही, त्यामुळे मन पक्कं असेल तरच अपलोड कर. मला विचारशील तर असा फोटो लोकांना मोकळेपणाने वापरू द्यावा.

शेकडो वर्षं जुन्या भिंतींवर कॉपीराइट नसतो, पण तिथल्या नव्या पुतळ्यावर, माहितीफलकावरच्या चित्रावर किंवा लाइट शोवर असू शकतो. आयफेल टॉवरचं बघ ना, दिवसाचा फोटो बिनधास्त, रात्रीच्या रोषणाईवर मात्र हक्क सांगितला जातो. आतल्या फोटोग्राफीचे नियम अजून वेगळे, जर्मनीतल्या नॉइश्वानस्टाइन किल्ल्यात आत फोटो काढूच देत नाहीत.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, माहिती. फाइलचं नाव नुसतं 'किल्ला १' ठेवू नकोस. कुठला दरवाजा, कुठल्या दिशेकडून, कधी काढला हे सगळं लिही, लोकेशनही जोड. तुझ्या फोटोत डावीकडच्या बुरुजाला वरपासून खालपर्यंत तडा गेलाय, तारीख नसेल तर तो डागडुजीच्या आधीचा की नंतरचा हे पुढे कुणाला कसं कळणार? अभ्यास करणाऱ्याला सुंदर आकाशापेक्षा तो तडा जास्त कामाचा.

वॉटरमार्क काढून टाक, नाव वर्णनात येतंच, आणि फाइल ओरिजिनल साइझमध्येच दे. भिंती आत झुकल्यासारख्या दिसतायत कारण कॅमेरा वर तिरपा धरलायस, जागा असेल तर मागे जा, कॅमेरा सरळ धर आणि एक फ्रेम पुन्हा घे. दोन्ही टाक, कॅटेगरी कुठली द्यायची ते आपण फोनवर बघू.