जोडबंगल्याचं काम काढताय? आधी सामाईक भिंत, मग फरशी

सांगलीच्या शामरावनगरातल्या तीसेक वर्षं जुन्या जोडबंगल्याचा अर्धा भाग तुम्ही घेतलाय. हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंत काढायची, वर एक खोली चढवायची, फरशी बदलायची आणि दिवाळीला राहायला जायचं, तर सुरुवात कुठून करू असं विचारलंय. फरशीच्या दुकानात अजून पाऊल टाकू नका. पहिल्यांदा शेजाऱ्यांकडे जाऊन बसा. घर अर्धं तुमचं असलं तरी मधली भिंत, तिच्याखालचा पाया आणि बहुतेक वेळा डोक्यावरचा स्लॅब दोघांचा मिळून एकच असतो.

विश्रामबागेतल्या आमच्या अर्ध्या घराचं काम काढलं तेव्हा हे मला कळलं नव्हतं. नकाशात सामाईक भिंत नऊ इंची दाखवलेली, म्हणून टीव्हीमागचा बोर्ड तिच्यातच बसवायला सांगितला. इलेक्ट्रिशियननं झिरी, म्हणजे वायरसाठी भिंतीत खाच, मारायला घेतली आणि दहाव्या मिनिटाला पलीकडून शेजारच्या काकूंची हाक आली. त्यांच्या देवघरामागचं प्लास्टर ताटाएवढं सुटून देवांवर पडलं होतं. भिंत प्रत्यक्षात सहा इंची निघाली, आणि आमच्या बोर्डाच्या बरोब्बर पाठीला त्यांचा बोर्ड होता. काकू रागावल्या नाहीत, पण देव पुसून घेताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. त्या दिवशी सामाईक भिंतीवरचं सगळं वायरिंग मी दुसऱ्या भिंतीवर हलवलं.

म्हणून भिंतीची जाडी नकाशावरून धरू नका, मोजा. समोरून दोन्ही घरांची मिळून लांबी घ्या, त्यातून दोन्हीकडच्या खोल्यांची आतली मापं आणि बाकीच्या भिंतींची जाडी वजा करा. याला शेजाऱ्यांच्या घरात टेप घेऊन जावं लागतं, त्यामुळे ओळखही होते. त्याच फेरीत त्यांचे बोर्ड, नळ, कपाटाचे खिळे कुठे आहेत ते कागदावर उतरवून घ्या. विटांच्या भिंतीत आडवी झिरी जाडीच्या सहाव्या भागापेक्षा खोल नको आणि उभी तिसऱ्या भागापेक्षा. म्हणजे नऊ इंचीत आडवी फार तर दीड इंच, सहा इंचीत जेमतेम एक. संडास-बाथरूमच्या पाण्याच्या लायनी तर सामाईक भिंतीत घालूच नका. आज नाही तर दहा वर्षांनी ओल त्यांच्याकडे उतरेल आणि फोडायला भिंत तुम्हाला त्यांची मागावी लागेल.

आता भिंत काढण्याचं. त्या काळातली बरीच घरं भिंतींवरच उभी आहेत, कॉलम नाहीतच. भिंत नऊ इंची असेल आणि तिच्यावर खाली उतरलेला बीम दिसत नसेल, तर स्लॅब तिच्यावरच बसलाय असं धरून चाला. जोडघरात स्लॅब बऱ्याचदा एकाच दिवशी दोन्हीकडे सलग ओतलेला असतो, सळ्या एका घरातून दुसऱ्या घरात गेलेल्या असतात. तुमच्याकडचा आधार काढला तर तडा त्यांच्या छताला जाऊ शकतो. गवंडी "काही होत नाही" म्हणेल. त्याच्या हाताला मान द्या, पण हा निर्णय आरसीसी इंजिनिअरकडून, म्हणजे स्लॅब-बीमच्या भाराचं गणित करणाऱ्याकडून, लेखी घ्या.

वरच्या खोलीबद्दल मला तुमची खरी काळजी वाटते. शामरावनगरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर दोन घरं एका पायावर उभी आहेत आणि वजन फक्त एका अंगाला वाढलं, तर पाया त्याच अंगाला खचतो आणि जोडावर तिरपी भेग येते. आजही भेगा असतील तर लगेच पुट्टी भरू नका. भेगेवर काचेची अरुंद पट्टी आडवी ठेवा, दोन्ही टोकं सिमेंटनं चिकटवा आणि शेजारी पेन्सिलीनं तारीख घाला. एक पावसाळा जाऊ द्या. काच तडकली तर भेग जिवंत आहे, म्हणजे अजून वाढतेय, तिथे आधी पायाकडे बघायचं. घराभोवती पाणी साचत असेल तर बाहेर उतार देऊन तीन-चार फूट रुंद कोबा करून घ्या. माती वर्षभर एकसारखी राहण्यासाठी याइतकं स्वस्त काम दुसरं नाही.

कागदांचं थोडक्यात. फरशी, रंग, नळ बदलायला परवाना लागत नाही. भार घेणारी भिंत काढायला आणि मजला चढवायला महापालिकेचा लागतो. जोडबंगल्यात एका बाजूला सामासिक अंतरच (घर आणि हद्द यांमधली मोकळी जागा) सोडलेलं नसतं, म्हणून मूळ मंजूर नकाशा दोन्ही घरांचा एकत्र असतो. तो मिळवल्याशिवाय आर्किटेक्टला काम देऊ नका. खरेदीखतात गच्ची आणि ड्रेनेजचं चेंबर कुणाचं, हेही नीट वाचा.

पुराचं तुम्ही लिहिलंच नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोका पातळी ४५ फुटांची. त्या वेळी तुमच्या गल्लीत पाणी कुठपर्यंत चढलं ते शेजारी भिंतीवर हात ठेवून दाखवतील. खालच्या मजल्याचे सगळे प्लग त्या खुणेच्या वर घ्या आणि त्या मजल्याची लाइन वेगळ्या एमसीबीवर (बिघाड झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर) ठेवा. ओट्याखाली प्लायवूड नको, कडप्प्याचे कप्पे करा, धुतले की झालं. खालच्या भिंतींना जिप्सम नको, सिमेंटचंच प्लास्टर ठेवा. ड्रेनेजला उलटं पाणी येऊ न देणारा व्हॉल्व्ह बसवा, पण चेंबर सामाईक असेल तर तो शेजाऱ्यांशी बोलून. चुकीच्या जागी बसला तर तुम्ही कोरडे आणि त्यांचं सांडपाणी तुंबलेलं, असं होईल.

दिवाळीचा हट्ट सोडा, ही विनंती. आत्ता मोजमाप आणि काचेच्या पट्ट्या, पावसाळ्यात नकाशा, इंजिनिअर आणि परवाना, दसऱ्यानंतर तोडफोड. वायरिंग आणि नळ झाले की प्लास्टर, आणि ते सात-आठ दिवस रोज पाणी मारून भिजवायचं. फरशी त्यानंतर. गच्चीचं वॉटरप्रूफिंग मार्च-एप्रिलमध्ये दोघांनी मिळून एकदमच करा, कारण जोडावर अर्ध्यात थांबवलेलं वॉटरप्रूफिंग तिथूनच गळतं. झाल्यावर दोन दिवस गच्चीत पाणी कोंडून ठेवा आणि दोन्ही घरांची छतं खालून बघा.

तोडफोडीच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यांच्या बाजूच्या भिंतीचे आणि छताचे फोटो त्यांच्यासमोर काढा आणि त्यांनाही पाठवा. काम करायच्या वेळा त्यांना विचारून ठरवा. आमच्या काकूंची पूजा सकाळी नऊपर्यंत चालायची, मग आम्ही हातोडा दहालाच उचलायचो.